दाराशी उभे असलेले समीक्षक

कवितेविषयी प्राध्यापक बोलतो तेव्हा ती समीक्षा असते. नाटकाविषयी वृत्तपत्रातून कुणी लिहितो तेव्हा ते परीक्षण असते. आणि ज्या डब्यात आपल्या आयुष्याचे रोज तीन-चार तास जातात त्या डब्याविषयी प्रवासी बोलतो, तेव्हा ती मात्र तक्रार असते. तक्रारीला आपल्याकडे वही असते, पेटी असते, खिडकी असते. अभ्यासक्रमात जागा नसते. ही उतरंड आम्हांला मान्य नाही. नव्या रेल्वेगाड्यांच्या रचनेवर गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील सामान्य प्रवाशांनी ज्या प्रतिक्रिया दिल्या, त्या आमच्या मते ह्या काळात मराठीत झालेल्या अत्यंत गंभीर रूपसमीक्षेत मोडतात. ज्यांनी त्या तशा वाचायला हव्या होत्या ते आपण साहित्यवाले त्या वेळी भलतेच काही वाचत बसलो होतो.

जळकोटात बसून मुंबईच्या लोकलविषयी आणि मेट्रोविषयी बोलण्याचा तुम्हांला काय अधिकार, असे कुणी विचारील. प्रश्न वाजवी आहे. जळकोटात रेल्वे नाही. गाडी पाहायची तर उदगीर गाठावे लागते. पण आमच्या तालुक्यातून पोटासाठी बाहेर पडलेला माणूस पुण्याला नाहीतर मुंबईच्या बाजूला जातो, आणि मुंबईच्या बाजूला म्हणजे मुंबईत नव्हे, तर कल्याण, दिवा, मुंब्रा, कळवा ह्या पट्ट्यात खोली घेऊन राहतो. त्याच्या घरचे लोक इथे असतात. लोकलच्या दाराशी काय झाले ह्याची बातमी त्यांनाही वाचावी लागते. दुसरे कारण असे, की लातूरजवळ रेल्वेडब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. ३१ मार्च २०१८ रोजी त्याचे भूमिपूजन झाले, तेव्हा तिथे मेट्रोचे आणि उपनगरी गाड्यांचे डबे बनतील असे सांगितले गेले होते. २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याचा पहिला सांगाडा तिथून बाहेर पडला. म्हणजे ज्या दाराविषयी हा लेख आहे, ते दार उद्या आमच्याच जिल्ह्यातल्या एखाद्या आयटीआय झालेल्या पोराच्या हातून बसवले जाऊ शकते. त्याने ते बसवण्याआधी त्याच्याविषयी दोन शब्द बोलून घेण्याचा आमचा हक्क आहे असे आम्ही समजतो.

मूळ घटना वाचकांना आठवत असेल. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन लोकल गाड्या विरुद्ध दिशांनी एकमेकींजवळून गेल्या. दोन्ही गाड्यांच्या दारांत माणसे लटकलेली होती. ती एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. किमान चार जण गेले. त्याच दिवशी रेल्वेने जाहीर केले, की यापुढे मुंबईच्या सर्व नव्या लोकल आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या असतील आणि धावत असलेल्या गाड्यांनाही तशी दारे बसवली जातील. वातानुकूलन नसलेल्या गाडीची दारे बंद केली तर हवेचे काय, ह्याचे उत्तरही देण्यात आले: दारांना झडपा असतील, छतातून ताजी हवा आत सोडणारी यंत्रणा असेल, आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येईल अशी जोडवाट असेल.

ह्यावर लोक काय म्हणाले? काहींनी म्हटले, हे आधीच व्हायला हवे होते. काहींनी म्हटले, दारे लागली की आतले गुदमरतील. काहींनी हिशेब मांडला, की प्रत्येक स्थानकावर दार उघडण्या-मिटण्यात सेकंद जातील आणि दिवसभरात तेवढ्या फेऱ्या कमी होतील. आणि काहींनी एक अगदी साधा प्रश्न विचारला: दार बंद झाल्यावर जो दाराबाहेर लटकत होता तो कुठे जाणार?

हा शेवटचा प्रश्न आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. रचनेचा विचार करणाऱ्याने जी गोष्ट सगळ्यांत आधी पाहायची, ती त्यात पाहिली गेली आहे. उघडे दार हा गाडीच्या रूपातला दोष आहे असे आपण समजत होतो. प्रश्न विचारणारा सांगतो, की तो दोष नाही, तो गाडीच्या क्षमतेचा भाग आहे. नऊ डब्यांची गाडी सुमारे १,७०० माणसांसाठी असे आणि गर्दीच्या वेळी तिच्यातून साडेचार हजारांहून अधिक माणसे जात. एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे उभी असतात. ह्या अवस्थेला रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे नाव आहे, आणि हे नाव मुंबईसाठीच घडवावे लागले. भाषेच्या विद्यार्थ्यांनी ह्या चार शब्दांकडे जरा वेळ पाहावे. त्यांत माणूस नाही, भार आहे. भाराला दाराबाहेर लोंबकळता येते ही सोय गृहीत धरूनच गाड्यांचे वेळापत्रक चालत आले आहे. ते दार मिटा, पण मिटताना बाहेर राहिलेल्या देहांसाठी आणखी गाड्या आणा, एवढेच तो प्रश्न म्हणतो. गाड्यांची संख्या न वाढवता केवळ दार बदलणे म्हणजे यमक सुधारून कविता सुधारली असे मानण्यासारखे आहे.

पण सुशिक्षितांच्या कानावर हा प्रश्न पडला तो ‘ह्यांना काहीही दिले तरी कुरकुर’ अशा रूपात. शिस्त नाही, स्टंट करतात, सवय लागेल हळूहळू, अशी उत्तरे दिली गेली. स्टंट करणारी पोरे असतात हे आम्ही नाकारत नाही. पण सकाळी कामावर निघालेला संसारी माणूस जेवणाचा डबा आणि पाठीवरची पिशवी सांभाळत एका हाताने दांडी धरून उभा असतो, तो कसरत दाखवण्यासाठी नव्हे. २०२४ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकलमधील मृत्यूंविषयीच्या एका जनहित याचिकेच्या सुनावणीत ह्या प्रवासाची तुलना गुरांच्या वाहतुकीशी केली होती. त्या याचिकेत २०२३ सालच्या मृत्यूंचा आकडा २,५९० असा होता. म्हणजे दिवसाला सात. न्यायालय जे बोलले ते लोक कितीतरी वर्षे बोलत होते. फरक इतकाच, की न्यायालयाचे बोलणे ‘निरीक्षण’ ह्या नावाने छापले जाते.

आता आपल्या घरात येऊ. मराठी साहित्यव्यवहाराने लोकलचे काय केले? लोकलच्या गर्दीला आपण प्रतिमा केले. गर्दीतली माणुसकी, धावत्या गाडीत हात देऊन वर ओढून घेणारा अनोळखी, मुंबईचे ‘स्पिरिट’, घामाचा समान वास: ह्या गोष्टींवर किती ललितलेख आणि किती कविता आपल्या महाविद्यालयीन नियतकालिकांतून दरवर्षी छापल्या जातात ह्याची मोजदाद कुणी करावी. त्यांतला भाव खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. हात देणारा असतो. पण हात देण्याची वेळ ज्या रचनेमुळे येते तिच्याकडे पाठ फिरवून हाताचे गुणगान करणे, ह्याला आम्ही संवेदनशीलता म्हणणार नाही. ते पाहणाऱ्याचे सुख आहे. बहुधा तो आत बसलेला असतो आणि त्याला खिडकी मिळालेली असते.

ह्या दुर्लक्षाला सिद्धान्ताचे पाठबळही मिळाले, ही अधिक खेदाची गोष्ट. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथापासून संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयींची भाषा आपण वर्गात शिकवत आलो. उपयुक्ततेचा आणि सौंदर्याचा संबंध नाही, हे विद्यार्थ्यांच्या मनावर इतके ठसवले की वापरायच्या वस्तूविषयी सौंदर्यविचार करता येतो हेच ते विसरले. गंमत अशी, की यंत्रयुगातल्या शहरी माणसाचे चिरडले जाणे मराठी कवितेत ज्यांनी सर्वांत प्रखरपणे आणले तेही मर्ढेकरच. त्यांच्या अनुयायांनी सिद्धान्त घेतला आणि कविता परीक्षेपुरती ठेवली.

वस्तुतः ह्या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट आपल्याच भाषेत दाखवून दिलेली आहे. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ सालची. तिच्यात कांटचा स्वायत्त आणि परायत्त सौंदर्यातला भेद सविस्तर आला आहे. एखादे फूल किंवा वेलबुट्टी आपण कशासाठी आहे हे न विचारता सुंदर म्हणू शकतो. घोडा, राजवाडा, शस्त्रागार ह्यांच्याबाबत तसे करता येत नाही. ती वस्तू काय असायला हवी ह्याची कल्पना तिथे आधीच आलेली असते. रेल्वेचा डबा हा घोडा आणि राजवाडा ह्यांच्या रांगेतला आहे. तो कशासाठी आहे हे सोडून त्याच्या रंगाविषयी बोलणे म्हणजे लंगड्या घोड्याच्या आयाळीची तारीफ करणे.

आणि आपल्याकडे तारीफ चालते ती बहुतेक आयाळीचीच. २००७ मध्ये मुंबईत जांभळ्या-पांढऱ्या नव्या लोकल आल्या, तेव्हा त्यांच्या रंगाची चर्चा झाली. २०२३ मध्ये वंदे भारतची भगव्या-करड्या रंगाची गाडी आली, तेव्हा तर त्या रंगावरून राजकारण झाले. गाडीचे निमुळते नाक, आतले दिवे, सरकती दारे ह्यांची छायाचित्रे पहिल्या पानावर येतात. २००७ च्या गाड्यांत खरी नवी गोष्ट निराळीच होती: छतातून हवा आत सोडणारी यंत्रणा. आतल्या माणसांना ती पहिल्याच आठवड्यात कळली, कारण ती त्यांच्या डोक्यावर होती. जुन्या पिवळ्या-चॉकलेटी गाडीपेक्षा हिच्यात श्वास घेता येतो, हे वाक्य त्या काळी फलाटावर ऐकू येत असे. कुणा संपादकाला ते मथळ्याच्या लायकीचे वाटले नाही.

मेट्रोचेही असेच. मुंबईत पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर मार्गावर धावली. पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी. मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पोहोचली. तिन्ही वेळा लोकांच्या तोंडी एकच वाक्य आले: परदेशात आल्यासारखे वाटते. ह्या वाक्याची पुष्कळ टिंगल झाली. गावंढळपणाचा नमुना म्हणून ते सांगितले गेले. आम्ही ते वाक्य वेगळ्या रीतीने वाचतो. जिथे कुणी ढकलत नाही, दार लागेपर्यंत गाडी हलत नाही, पुढचे स्थानक कोणते हे सांगितले जाते, ती जागा आपल्या देशातली असणार नाही, असे बोलणाऱ्याला वाटले. साध्या सभ्यतेचा त्याला इतका परकेपणा वाटावा, हा त्या वाक्यातला आशय आहे. त्यात स्तुती आहे तशी फिर्यादही आहे, आणि ती मेट्रोविरुद्ध नाही.

मेट्रोविरुद्धची फिर्याद निराळी आहे आणि तीही लोकांनीच केली. लोकलला मालडबा असतो. डबेवाल्यांचे क्रेट, मासळीच्या पाट्या, भाजीचे भारे त्यातून जातात. मेट्रोला तसा डबा नाही. शहरातून कोण जाणार आणि काय घेऊन जाणार ह्याविषयीचा एक निर्णय त्या अभावात घेतला गेला आहे. तो निर्णय कदाचित योग्य असेल. पण तो निर्णय आहे हे ओळखायला टोपली डोक्यावर असावी लागते. ज्याच्या खांद्याला फक्त लॅपटॉपची पिशवी आहे त्याला मेट्रोचा डबा पूर्ण वाटतो. टोपलीवालीला तो अपुरा वाटतो. साहित्यात ज्याला आपण पाठ्यातील मौन म्हणतो आणि ज्याच्यावर प्रबंध लिहितो, ते हेच.

प्रवासी नुसते बोलतात असेही नाही. ते पाठ दुरुस्त करतात. लोकलमधला बाक तिघांचा. त्यावर चौथा अर्धा टेकून बसतो, आणि ह्या प्रथेला ‘चौथी सीट’ असे रीतसर नाव आहे, तिचे अलिखित नियम आहेत. रचनाकाराने तीन लिहिले, वाचकांनी चार वाचले. भजनी मंडळांनी डब्याच्या भिंतीला पखवाज केले. वाचक-प्रतिसाद सिद्धान्त शिकवताना आपण परदेशी नावे घेतो. चौथ्या सीटचे उदाहरण दिले तर विद्यार्थ्यांना तो तासाभरात कळेल.

रेल्वेच्या रचनेवरील प्रतिक्रिया हसण्यावारी नेण्याची आपली सवय जुनी आहे. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने अहमदपूर स्थानकावरून रेल्वेच्या साहिबगंज विभागीय कार्यालयाला पत्र लिहिले. (हे अहमदपूर बंगालमधले; आमच्या शेजारचे अहमदपूर नव्हे. पण नाव तेच निघावे ह्याची आम्हांला मौज वाटते.) फणस जास्त झाल्याने त्याला शौचास उतरावे लागले, तेवढ्यात गार्डाने शिट्टी दिली, आणि हातात लोटा नि धोतर सावरत धावताना तो फलाटावर बायामाणसांसमोर पडला, अशी ती कैफियत. पत्राचे इंग्रजी मोडकेतोडके आहे. ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मांडलेले आहे, आणि डब्यांत शौचालये आली ती ह्या पत्रामुळे असे म्हटले जाते. श्रेय खरे की सांगोवांगी हा वाद बाजूला ठेवू. आमचा मुद्दा हा, की शंभराहून अधिक वर्षे लोक ते पत्र वाचतात ते त्यातल्या इंग्रजीला हसण्यासाठी. वास्तविक त्यात रचनेच्या एका ढळढळीत अभावाचे नेमके, क्रमवार, साक्षीपुराव्यासह वर्णन आहे, आणि ते वर्णन करणाऱ्याने स्वतःची लाज पणाला लावलेली आहे. आत्मकथनाकडून आपण ह्याहून अधिक काय मागतो?

आठ वर्षांनी, १९१७ मध्ये, गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिले. मुंबईहून मद्रासला जाणारा त्यांचा डबा बावीस जणांचा होता. त्यात झोपायला जागा नव्हती, आणि रायचूरनंतर तो इतका भरत गेला की बसणेही कठीण झाले. गांधींनी बाक, शौचकूप, पाणी, केर ह्यांविषयी एकेक करून लिहिले. ते गांधी होते म्हणून आपण त्या लिखाणाला निबंध म्हणतो.

आता बदलापूर. ह्या प्रकरणात आमचा राग लपवण्याचे कारण नाही. आमच्या उदगीरला २०२२ च्या एप्रिलात पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. भारत सासणे अध्यक्ष होते, मंडप भरून वाहिला, आम्हीही गेलो होतो. त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑगस्टात, कळव्याला आणि मग बदलापूरला प्रवासी जमले, तेही मराठी बोलणारेच. कारण असे, की मध्य रेल्वेने १९ ऑगस्टपासून साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकलच्या दहा जादा फेऱ्या सुरू केल्या होत्या. कळव्याच्या लोकांनी कारशेडमधून निघालेली वातानुकूलित गाडी अडवली. २२ तारखेला बदलापूरला निदर्शने झाली. २५ तारखेपासून रेल्वेने त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या.

त्या वेळी कानी आलेले भाष्य असे, की आपल्या लोकांना चांगले दिलेले सोसत नाही; गार हवा दिली तरी रस्त्यावर उतरतात. ह्या भाष्यात एक तरी आकडा असायला हवा होता. वातानुकूलित लोकलचे किमान भाडे त्या वर्षीच्या ५ मे पासून पासष्टवरून तीसवर आणले गेले होते. साध्या लोकलचे किमान भाडे पाच रुपये. म्हणजे निम्म्याने स्वस्त होऊनही ती सहापट. गाडी तीच, रूळ तेच, वेळही तीच. फक्त ज्याच्या खिशात पाच आहेत त्याची पाच पंधराची किंवा साडेपाचची गाडी नाहीशी होते आणि तिच्या जागी त्याला चढता न येणारी एक सुंदर गाडी येते. सुंदर हा शब्द आम्ही उपरोधाने वापरत नाही. ती गाडी खरोखर चांगली आहे. दार मिटते, माणूस पडत नाही. २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली वातानुकूलित लोकल पश्चिम रेल्वेवर धावली, तेव्हा मध्य रेल्वेच्या लोकांनी आम्हांला का नाही म्हणून विचारले होते. मध्य मार्गावरील इंग्रजांच्या वेळचे पूल तिच्या उंचीला आड आले हे कारण त्यांना दिले गेले. म्हणजे बदलापूरच्या लोकांना गार हवा नको होती असे नव्हे. एकाचे रूप दुसऱ्याच्या जागेवर उभारले जाते तेव्हा ते रूप कितीही देखणे असले तरी त्यात काहीतरी चुकलेले असते, हे त्यांनी फलाटावर उभे राहून सांगितले. उदगीरच्या मंडपातील भाषणे ग्रंथालयात मिळतात. बदलापूरच्या फलाटावरील युक्तिवाद मिळवायचा तर जुनी वर्तमानपत्रे चाळावी लागतात, आणि तिथेही तो ‘प्रवाशांचा संताप’ एवढ्यावर आटोपलेला असतो.

कुणी म्हणेल, लोकांच्या प्रतिक्रियेला तुम्ही इतके डोक्यावर घेता, पण ती स्वार्थी असते. ज्याला त्याला आपली जागा हवी असते. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उदाहरण आमच्याच घरचे आहे. २०१७ मध्ये मुंबई-लातूर गाडी बिदरपर्यंत वाढवण्यात आली. लातुरात आंदोलन झाले: आमची गाडी पळवली, आता लातूरला येईस्तोवर ती भरलेली असेल. इकडे उदगीरला आणि उदगीरच्या भरवशावर असलेल्या आमच्या जळकोटात आनंद झाला, कारण मुंबईची गाडी दारात आली. डबे तेच, गाडी तीच, आणि दोन गावांची मते परस्परविरुद्ध. मग कोणाची समीक्षा खरी?

आम्ही म्हणतो, दोन्ही. लातूरचे म्हणणे डब्यांच्या संख्येविषयी होते आणि आमचे म्हणणे मार्गाविषयी होते. गाडी एक आणि गावे अनेक, ह्या टंचाईचेच ते दोन अर्थ. स्वतःच्या जागेवरून बोलणे हा दोष असेल, तर स्वतःच्या जागेवरून न बोलणारा एक तरी समीक्षक आम्हांला दाखवावा. फरक इतकाच, की प्रवासी आपली जागा सांगून बोलतो: मी बदलापूरचा, मी दिव्याचा, मी दारात उभा राहणारा. आपण विद्वान मंडळी ‘वाचक’ ह्या पदामागे आपली जागा झाकतो.

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न सुटलेला आहे असे नाही, पण तिथे दाराकडे दार म्हणून पाहिले गेले. तोक्योच्या यामानोते मार्गावर १९९१ मध्ये चारऐवजी सहा-सहा दारांचे डबे आणले गेले. सकाळच्या गर्दीत त्यांतली आसने मिटवून ठेवत, म्हणजे सगळे उभे. पुढे फलाटांवर सरकत्या दारांचे कठडे बसवायचे ठरले, त्यांच्याशी सहा दारे जुळेनात, म्हणून २०११ पर्यंत ते डबे काढून टाकले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या नव्या डब्यांत दार पन्नास इंचांवरून अठ्ठावन्न इंच केले, चढ-उतार लवकर व्हावी म्हणून. आठ इंचांचा फरक. आमच्याकडे नव्या गाडीच्या बातमीत दाराची रुंदी दिलेली तुम्ही शेवटची कधी वाचली होती?

लातूरच्या कारखान्याकडे येऊन थांबतो. तिथे आता वंदे भारतच्या शयनयान गाड्या बांधायच्या आहेत: रेल विकास निगम आणि रशियातील ट्रान्समॅशहोल्डिंग ह्यांच्या ‘किनेट’ कंपनीला एकशे वीस गाड्यांचे कंत्राट मिळाले, करार सप्टेंबर २०२३ मध्ये झाला. २०२४ मध्ये काम अडल्याच्या बातम्या आल्या. का अडले? रेल्वेने रचनेत बदल मागितले: डब्यात अधिक शौचालये, स्वयंपाकाची सोय, सामानाला जास्त जागा. कागदावर करार झालेला, रेखाचित्रे झालेली, आणि मध्येच शौचालय. अनेकांना ह्यात सरकारी दिरंगाई दिसली. आम्हांला त्यात ओखिलबाबूंचे पत्र दिसले. रात्रभराच्या प्रवासात म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका, मधुमेहाचे रुग्ण किती वेळा उठतात, सुपारीएवढ्या गाठोड्याने कोणी गावाहून परतत नाही, पोत्यात तूरडाळ आणि डब्यात लोणचे असतेच, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ती मागणी केली असती. ती उशिरा का झाली हे विचारावे. का झाली हे विचारू नये.

डबे तयार होतील, त्यांची छायाचित्रे येतील, त्यांच्या नाकाची आणि रंगाची वाखाणणी होईल. आमच्या तालुक्यातील आणि शेजारच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांना आम्ही एक काम सुचवतो. उदगीरच्या फलाटावर जावे, बिदरहून मुंबईला जाणारी गाडी येते तेव्हा साध्या डब्याच्या दाराशी उभे राहावे, आणि चढणारी माणसे डब्याविषयी जे बोलतात ते शब्दशः उतरवून घ्यावे, शिव्यांसकट. कोण बोलले, काय घेऊन चढत होते, आत जागा मिळाली की दारातच राहिले, हेही लिहावे. गाडी फार वेळ थांबत नाही, तेव्हा वही उघडी ठेवूनच जावे.